एका नावाचे दोन भोंगे

7 मे 2025 ला देशभर ते मॉक ड्रिल होतं ना, त्या यादीत आमचा सिंधुदुर्ग पण होता. आमच्या वाडीत काही भोंगा वाजला नाही, पण टीव्हीवर कुठल्यातरी शहरातला दाखवत होते, आईने आवाज मोठा ठेवलेला (तिला हल्ली ऐकायला कमी येतं), मी पडवीत रातांबे फोडत बसले होते ती तशीच उठून उभी राहिले. हात लालभडक, बोटांतून रस मनगटाकडे चाललाय आणि मी ताठ उभी. आई म्हणाली, "काय झाला गो? कित्याक उबी रवलंस?" मला काही सांगताच येईना. टीव्हीवाले जाहिरातीकडे वळले तेव्हा बसले.

चार दिवसांनी, 11 तारखेला, बातमी आली की झ्वी फेल्डमन नावाच्या इस्रायली सैनिकाचे अवशेष सीरियातून परत आणले. जून 1982 पासून बेपत्ता होता. त्या रात्री झोप लागली नाही आणि ठरवलं की सावताबद्दल एकदा लिहूनच टाकायचं.

सावता म्हणजे हिब्रूत आजी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर संत सावता माळी आले, खोटं कशाला सांगू. 2016 ला मी केअरगिव्हर म्हणून इस्रायलला गेले. तिकडे त्याला मेटापेलेत म्हणतात. जीएनएम (नर्सिंगचा कोर्स) झालेलं, इथे पगार किती ते विचारू नका, एजंटला द्यायला घरावर कर्ज काढलं, मुलाला आईकडे ठेवलं, तो तेव्हा नऊ वर्षांचा. तेल अवीवला लागून गिवातायिम म्हणून गाव आहे, तिथे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आजी अठ्ठ्याऐंशी वर्षांची, कंबर मोडलेली, डोकं एकदम शाबूत आणि तोंड त्याहून.

पहिल्या दिवशी तिच्या मुलीने मला घरातले नियम सांगितले. औषधं, साखर, बाथरूममधली चटई. आणि शेवटी म्हणाली, दिवसा दार लावायचं नाही, नुसतं लोटून ठेवायचं. मी म्हटलं, आमच्याकडे कोकणात पण असंच. ती हसली नाही. म्हणाली, कोणी दार ठोठावलेलं आईला चालत नाही. मला वाटलं म्हातारपणाची खोड. तिकडे मुलगा युद्धात गेला की गणवेशातली माणसं घरी येऊन दार वाजवतात, हे मला खूप नंतर कळलं. आणि 1973 सालापासून त्या घरात दार वाजवायची सोयच ठेवली नव्हती, बेलची वायर सुद्धा काढून टाकलेली. कुरिअरवाला खालून फोन करायचा.

एप्रिलमध्ये (त्यांच्या पंचांगाप्रमाणे तारीख मागेपुढे होते) सकाळी दहाला पहिला भोंगा वाजला. योम हाशोआ, म्हणजे नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंचा स्मरणदिन. दोन मिनिटं. खाली रस्त्यावर बस थांबली, ड्रायव्हर उतरून उभा, भाजीवाला उभा, स्कूटरवाला हेल्मेट काढून उभा. सावताने मला हात पुढे केला, मी धरून उभं केलं. मला भोंगा म्हटलं की बाबा आठवतात, ते लालबागला गिरणीत होते, त्यांचा भोंगा म्हणजे पाळी बदलली, चला डबा घ्या. ब्याऐंशीच्या संपानंतर गावी आले ते आलेच, पण कधी कधी झोपेत विचारायचे, भोंगा झाला का. इथे भोंगा झाला की अख्खा देश कामाला लागायच्या ऐवजी थांबतो, हे मला फार विचित्र वाटलं पहिल्या वर्षी.

बरोबर आठवड्याने परत भोंगा. योम हाझिकारोन, युद्धात पडलेल्या सैनिकांचा दिवस. आदल्या संध्याकाळी आठला एक मिनिट, दुसऱ्या दिवशी अकराला दोन मिनिटं. परत तिचा हात, परत उभं राहणं. मी मनात म्हटलं, काय हे, किती दुखवटे एका आठवड्यात. मग तिची मुलगी बोलून गेली: आईसाठी दोन्ही भोंगे एकाच नावाचे आहेत.

ते नाव मी इथे लिहिणार नाहीये. ते त्यांचं आहे.

सावता कार्पेथियन डोंगरांच्या पायथ्याच्या एका गावची. तिच्या लहानपणी तो भाग चेकोस्लोव्हाकियात होता, मग हंगेरीने घेतला, आता युक्रेनमध्ये आहे. ती म्हणायची, मी घरातनं न हलता देश बदलले. वडलांना हंगेरीच्या सैन्याने ज्यूंच्या मजूर पलटणीत ओढून रशियाच्या आघाडीवर नेलं, ते तिकडेच गेले. मे 1944 मध्ये उरलेल्यांना मालगाडीत घातलं. त्या दोन महिन्यांत हंगेरीच्या ताब्यातल्या भागातून चार लाखांच्या वर ज्यू नेले, बहुतेक सगळे आउश्वित्झच्या मृत्यूछावणीत. ही सोळा वर्षांची. आई आणि आठ वर्षांचा भाऊ एका बाजूला, ही दुसऱ्या बाजूला. एवढंच सांगायची. मी कधी पुढचं विचारलं नाही आणि तिने कधी सांगितलं नाही.

तिथे कैद्यांच्या हातावर नंबर गोंदायचे, तिच्या हातावर तो नव्हता. त्या उन्हाळ्यात आलेल्या कितीतरी बायकांना गोंदलंच नाही, थोडे दिवस ठेवून जर्मनीत कारखान्यांवर पाठवून दिलं, तशी ही पण गेली. पण लोकांना नंबर बघायचा असतो. एकदा दवाखान्याच्या लाइनमध्ये एका कॉलेजच्या पोराने विचारलं, तुमचा नंबर कुठाय? ही म्हणाली, टोकन बावीस, तू किती? मला हसू आवरेना, ती मात्र एकदम गंभीर.

युद्धानंतर परत गावी गेली तर घरात दुसरेच लोक राहत होते. मग जहाज, मग इंग्रजांनी जहाज अडवून सायप्रसला तारेच्या कुंपणात ठेवलं (नाझींच्या तारेतून सुटून इंग्रजांच्या तारेत, 1946 ते 49 मध्ये पन्नास हजारांवर माणसं तिथे होती), तिथेच छावणीत लग्न. नवरा वयाने बराच मोठा, त्याची पहिली बायको आणि दोन मुली आउश्वित्झमध्ये गेलेल्या. 1949 ला इस्रायलला उतरले, 1952 ला मुलगा झाला.

त्यांच्यात गेलेल्या माणसाचं नाव मुलाला ठेवतात. आपल्याकडे पण नातवाला आजोबाचं नाव देतातच की, माझ्या मुलाचं नाव माझ्या बाबांचंच. पण आपल्याकडे आजोबा म्हातारे होऊन गेलेले असतात. इथे आठ वर्षांच्या पोराचं नाव एका तान्ह्या बाळाला. मग मुलगी झाली, तिला नवऱ्याच्या गेलेल्या थोरल्या मुलीचं नाव. ती मुलगी, म्हणजे मला पगार देणारी बाई, एकदा बाल्कनीत सिगरेट ओढताना म्हणाली, "आमच्या घरात मला कधी एकटं राहायला मिळालंच नाही."

सावता दोघांना वेगवेगळं म्हणायची. भाऊ म्हणजे यिद्दिशमध्ये (युरोपातल्या ज्यूंची बोली) 'दर क्लाइनर', धाकटा. मुलगा म्हणजे हिब्रूत 'हा-गादोल', मोठा. एक आठवर थांबला, दुसरा एकवीसवर. खरं तर धाकटा सोळा वर्षांनी मोठा होता, पण या हिशोबात मी कधी पडले नाही.

मुलगा कसा होता? फोटो एकच भिंतीवर. दाट केस, दात किंचित पुढे, चड्डी घालून ट्रॅक्टरवर बसलेला. हीरोबिरो काही नाही, गणितात काठावर पास. आणि आईची लाज वाटायची त्याला. हे ती हसत सांगायची. त्या काळात तिकडे जन्मलेल्या दणकट पोरांना हे छावण्यांतून आलेले लोक म्हणजे दुबळे वाटायचे, मुकाट मरायला गेले म्हणायचे, साबोन, म्हणजे साबण, असं चिडवायचे सुद्धा. बसमध्ये ही यिद्दिशमध्ये बोलली की पोरगा म्हणायचा, आई, हळू, आई, हिब्रूत बोल. मला माझ्या मुलाच्या शाळेतली पालकसभा आठवली, मी बाईंशी मालवणीत बोलायला लागले तर याने माझी ओढणी ओढली होती. सावताला सांगितलं तर ती म्हणाली, ओढू दे, मोठा झाला की ओढणार नाही. मग गप्प झाली.

6 ऑक्टोबर 1973. योम किप्पूर, त्यांचा सगळ्यात मोठा उपासाचा दिवस. त्या दिवशी रस्त्यावर एक गाडी नसते, रेडिओ बंद. आणि दुपारी दोनच्या सुमाराला भोंगा. सावता म्हणायची, भोंग्यापेक्षा मला गाड्यांच्या आवाजाची भीती वाटली, योम किप्पूरला गाड्या का चालतायत? इजिप्त आणि सीरियाने एकाच वेळी दोन बाजूंनी हल्ला केला होता. मुलगा नुकताच सक्तीची नोकरी संपवून घरी आलेला, रिझर्व्हमध्ये. उपास सोडायच्या आधीच निघाला. तिने पिशवीत उकडलेली अंडी आणि ब्रेड घातला, त्याने ब्रेड परत टेबलावर ठेवला, म्हणाला, तिथे देतात. तिने खाली जाऊन पिशवीत परत घातला.

तो सीरियाच्या बाजूला, गोलानच्या पठारावर गेला, रणगाड्यावर. पहिल्या दोन-तीन दिवसांत तिथे सीरियाचे शेकड्याने रणगाडे आणि यांचे पावणेदोनशेच्या आसपास, रिझर्व्हवाले पोचतील तसे मिळेल त्या रणगाड्यात बसून वर जात होते, कोण कोणाच्या तुकडीत पत्ता नाही. त्याच लढाईत झ्विका ग्रीनगोल्ड नावाचा एक लेफ्टनंट रात्रभर रणगाडे बदलत लढला, त्याचं नाव तिकडे शाळेतल्या पोराला पण माहीत असतं. तोही 1952 चाच, नाझींपासून वाचलेल्यांनी वसवलेल्या किबुत्झमध्ये (सामुदायिक शेतीच्या वस्तीत) जन्मलेला, आईबाप तसलेच. तो जगला. हा तिसऱ्या दिवशी गेला. त्या सगळ्या युद्धात इस्रायलचे सव्वीसशेवर सैनिक गेले, देश केवढा, तेहतीस लाखांच्या आसपासचा. पलीकडचे किती तरी जास्त.

दार बऱ्याच दिवसांनी वाजलं. आणि प्रेत लगेच मिळालंच नाही, युद्धात गेलेल्यांना आधी तात्पुरतं कुठेतरी पुरलं होतं, पाट्या लावून, पुढे रीतसर आपापल्या गावच्या लष्करी दफनभूमीत हलवलं. सावताने त्या वेळच्या अधिकाऱ्याला एकच प्रश्न विचारला होता म्हणे: खाली खरंच कोणी आहे ना? रणगाड्यात आग लागते हे तिला माहीत होतं आणि आगीत काय उरतं हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. अधिकारी म्हणाला, आहे. तिने त्यावर विश्वास ठेवला की ठेवायचं ठरवलं, देव जाणे.

हिब्रूत मूल गेलेल्या आईला एक शब्द आहे, शकुला. बापाला शकुल. फॉर्मवर, पेन्शनच्या पत्रावर, सगळीकडे तोच. मराठीत नवरा गेलेलीला शब्द आहे, आईबाप गेलेल्याला आहे, यांना नाही. माझं आजोळ चौकुळकडचं, तिकडे घराघरात फौजी, तसल्या आया मी लहानपणापासून बघितल्यात, त्यांना आम्ही 'अमक्याची आई' म्हणायचो. म्हणजे पोराचं नाव रोज चारदा तिला ऐकायला लागायचं. चांगलं की वाईट माहीत नाही.

महिन्यातून एका शुक्रवारी आम्ही किर्यात शाउलला जायचो. तेल अवीवच्या उत्तरेला मोठी दफनभूमी आहे, तिचा लष्करी भाग वेगळा. तिथे सगळ्यांचे दगड एकसारखे, जनरल असो की आचारी. उंच थडगं नाही, एक वाफा असतो वीतभर वर आलेला, त्यात रोझमेरी लावलेली, आणि उशाला उशीसारखाच तिरका दगड. माझं काम ठरलेलं. बादली, फडकं आणि अक्षरांतली धूळ काढायला जुना टूथब्रश. रोझमेरी वाढली की कात्रीने छाटायची, हाताला वास दोन दिवस. ती व्हीलचेअरवरून सूचना द्यायची, डाव्या कोपऱ्यात राहिलंय बघ, मोतेक. मोतेक म्हणजे सोन्या वगैरे. काम चुकलं तरी मोतेकच.

मला हिब्रू बोलता यायला लागलं पण वाचता कधीच आलं नाही. तरी तो दगड तिने मला बोट फिरवून वाचून दाखवला, उजवीकडून डावीकडे. नंबर. हुद्दा. नाव. मग 'बेन', म्हणजे मुलगा, अमकी आणि अमक्याचा. कुठे पडला, कधी. आणि मग परत 'बेन', कारण हिब्रूत वय सांगताना पण बेनच म्हणतात, एकवीस वर्षांचा म्हणजे 'एकवीसचा मुलगा'. बेन दोनदा. नावाची चार अक्षरं, ब्रशने घासून घासून माझ्या हाताला पाठ झाली.

एकदा तिने पर्समधून एक झेरॉक्स काढली. जेरुसलेमला याद वाशेम म्हणून संस्था आहे, तिथे शोआत, म्हणजे नाझींच्या त्या कत्तलीत, मेलेल्या प्रत्येकाचा एक कागद भरून घेतात, नातेवाइकाने भरायचा. तिने भावाचा भरलेला. नाव, आईबापाचं नाव, जन्मगाव, मृत्यूचं ठिकाण. व्यवसायाच्या रकान्यात 'विद्यार्थी'. भरणाऱ्याचं नातं: बहीण. आणि ती कागद दगडाच्या शेजारी धरून बघायला लागली. तेच नाव, तशाच ओळी. म्हणाली, "धाकट्याला दगड नाही. हे नाव दगडावर यायला मोठ्याला जावं लागलं." माझ्या हातात ब्रश तसाच. मी काय बोलणार, बादलीतलं पाणी बदलून आणलं.

नवऱ्याचा एक मित्र होता छावणीतला, त्याच्याबद्दल पण ती बोलायची. तो त्यांच्या आधी, 1948 मध्येच पोचला, आणि पोचल्यावर थोड्याच दिवसांत हातात बंदूक देऊन त्याला त्या वर्षीच्या युद्धातल्या लात्रुनच्या लढाईत पाठवलं. मेअखेरचं ऊन, पाणी नाही, काही जणांना हिब्रू हुकूम पण कळत नव्हते. तो गेला आणि त्याच्यामागे रडायला पृथ्वीवर कोणी नव्हतं, सगळं घर आधीच संपलेलं. असे बरेच होते. जेरुसलेमच्या माउंट हर्झलवर त्यांचं वेगळं स्मारक आहे, त्यांना म्हणतात नेत्सेर अखरोन, शेवटचा कोंब. सावता दर योम हाझिकारोनला त्याच्या नावाची एक जास्तीची मेणबत्ती लावायची. तिच्यामागे ती कोण लावणार, हा प्रश्न तिने मला विचारला नव्हता, पण मी आता लावते. मेणबत्ती नाही, समईतली एक वात. आईला सांगितलंय की एका माणसाची आहे.

एप्रिल 2019 मध्ये टीव्हीवर झकारी बाउमेलची अंत्ययात्रा दाखवली. जून 1982 मध्ये लेबनॉनच्या बेका खोऱ्यात सुलतान याकूब म्हणून गाव आहे तिथे रात्रीच्या अंधारात इस्रायली रणगाडे सीरियन सैन्याच्या मधोमध जाऊन अडकले, सकाळी कसेबसे बाहेर काढले, वीसेक सैनिक गेले आणि तिघांचा पत्ताच लागला नाही: बाउमेल, फेल्डमन, येहुदा काट्झ. 1993 मध्ये यासर अराफतने बाउमेलच्या ओळखपट्टीचा अर्धा तुकडा दिला, बस तेवढंच. बाकी माणूस यायला सदतीस वर्षं लागली, तो पण रशियाने मध्ये पडून सीरियातून दिला. बाप तोपर्यंत गेलेला, आई नव्वदची. सावता सगळा वेळ टीव्हीसमोर, जेवली नाही. मग म्हणाली सूप कर. सूप म्हणजे शहाजिऱ्याचं, पीठ तेलात परतायचं, शहाजिरं, पाणी, वर अंडं फोडायचं. आमच्या कुळथाच्या पिठीची युरोपातली चुलत बहीण म्हणा. दोन चमचे खाल्लं आणि म्हणाली, त्या बाईला निदान धुवायला दगड मिळाला.

2020 ला कोरोना. योम हाझिकारोनला दफनभूम्या बंद, घरच्यांनी येऊ नका असं सरकारनेच सांगितलेलं, सैनिक जाऊन काळी फीत लावलेले छोटे झेंडे ठेवणार म्हणे. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिचं जाणं चुकलं. संध्याकाळी आठला आम्ही बाल्कनीत. समोरच्या सगळ्या बाल्कन्यांत माणसं. भोंगा सुरू झाला, मी हात दिला, ती उभी राहिली, ब्याण्णवची, तिची नखं माझ्या मनगटात. एक मिनिट मी मोजत होते. भोंगा उतरत गेला तशी ती काहीतरी पुटपुटली. दर वर्षी गप्प असते. या वर्षी नाव घेतलं. एकदा. मी विचारलं, कोणाचं, धाकट्याचं की मोठ्याचं? ती म्हणाली, थकलेय, आत ने.

नोव्हेंबरमध्ये गेली, झोपेत. मी जानेवारीत परत आले.

2023 च्या ऑक्टोबरनंतर तिकडे जे घडलं त्याबद्दल लोक मला विचारतात, तू तिथे होतीस ना, सांग कोण बरोबर. मला सांगता येत नाही. गाझात आईबाप मुलांच्या हातापायांवर पेनाने नावं लिहीत होते, म्हणजे मेली तर ओळखू यावीत, हे वाचलं तेव्हा मला सावताचा तो झेरॉक्स आठवला. ती काय म्हणाली असती? छातीठोक सांगणार नाही. तिच्या तोंडात माझी वाक्यं घालायचा मला अधिकार नाही.

फेल्डमनची बातमी मी तीनदा वाचली. त्रेचाळीस वर्षं. आईबाप दोघंही वाट बघून गेलेले. येहुदा काट्झचं नाव त्या बातमीत अजून बेपत्तामध्येच होतं. पहाटेचे पाच वाजले असतील, बाहेर मुलाचे बूट वाजले. तो अठराचा झालाय, भरतीसाठी पळायला जातो, सोळाशे मीटरचा टाइम वहीत लिहून ठेवतो. मी कधी जा म्हटलं नाही, नको पण म्हटलं नाही. हल्ली मालवणीत बोलले तरी ओढणी ओढत नाही. दार लोटून गेला.

मग मी फोनमधला जुना फोटो काढला. सावता गेल्यावर महिन्याने तिच्या मुलीने पाठवलेला, तिच्या दगडाचा. साधा नागरी दफनभूमीतला, नवऱ्याच्या शेजारी. वर तिचं नाव, असणार. खाली बारीक अक्षरांत चार-पाच ओळी, मुलीने मेसेजमध्ये लिहिलं होतं की ज्यांना थडगं नाही त्यांची नावं वाचलेल्यांच्या दगडावर कोरतात, आम्ही पण कोरली. मला हिब्रू वाचता येत नाही. फोटो दोन बोटांनी मोठा केला, उजवीकडून डावीकडे सरकवत गेले, आणि तिसऱ्या ओळीत ती चार अक्षरं सापडली.